नैरोबीचा रविवार आणि जुना कोट

एखाद्या शहरातील माणसे गरीब की श्रीमंत, हे त्यांच्या अंगावरील कपड्यांवरून ओळखावे असा जुना प्रघात आहे. अर्थशास्त्राच्या प्राथमिक पाठ्यपुस्तकातही अन्न, वस्त्र, निवारा असा क्रम ठरलेला असतो. वस्त्र म्हणजे दरडोई इतके मीटर कापड असे मानून आपण पुढच्या प्रकरणाकडे वळतो. केनियाची राजधानी नैरोबी ही या दोन्ही समजुतींना धक्का देणारी नगरी आहे.

रविवारी सकाळची प्रार्थना आटोपली की किबेरासारख्या पत्र्याच्या दाट वस्तीतून माणसे बाहेर पडतात. पुरुषांच्या अंगावर इस्त्री मोडू न दिलेला सदरा आणि बेतशीर कोट असतो. स्त्रियांच्या पोशाखात रंगांची निवड डोळसपणे केलेली दिसते. मुलांच्या बुटांना चकाकी असते. ज्या गल्लीतून ही माणसे आली तिथे सांडपाणी उघड्यावर वाहते आणि पिण्याचे पाणी डब्याच्या हिशेबाने विकत घ्यावे लागते. बाहेरून येणारा पाहुणा हे पाहून दोन निष्कर्ष काढतो. एक, येथील गरिबी सांगितली जाते तेवढी खरी नसावी. दोन, ती खरी असेल तर ही माणसे पोटाला चिमटा घेऊन नटण्यावर उधळपट्टी करीत असावीत. हे दोन्ही निष्कर्ष चुकीचे आहेत. एवढेच नव्हे, तर त्यांच्या आधारे धोरणे आखली की ज्यांचे भले करायचे त्यांचेच नुकसान होते. या लेखाचा विषय तोच आहे.

चालण्याचा हक्क

नैरोबी हे पुरातन शहर नव्हे. मोंबासाहून व्हिक्टोरिया सरोवराकडे निघालेल्या युगांडा रेल्वेचे एक ठाणे म्हणून १८९९ साली ते वसले. मासाई भाषेतील ज्या शब्दांवरून त्याचे नाव पडले त्यांचा अर्थ ‘थंड पाणी’ असा आहे. ही रेल्वे बांधण्यासाठी हिंदुस्थानातून सुमारे ३२,००० मजूर करारावर नेण्यात आले. त्यांपैकी सुमारे अडीच हजारांना पुन्हा मायभूमीचे दर्शन झाले नाही. मजुरांच्या मागोमाग दुकानदार, कारकून आणि गोव्याचे शिंपी तेथे पोहोचले. स्वाहिली भाषेत आजही दुकानाला ‘दुका’, पैशाला ‘पेसा’, विम्याला ‘बिमा’ आणि गाडीला ‘गारी’ म्हणतात. निखाऱ्यावर भाजलेल्या मांसाबरोबर, म्हणजे ‘न्यामा चोमा’बरोबर, कांदा-टोमॅटोची जी कोशिंबीर वाढतात तिचे नाव ‘कचुंबरी’ आहे. मराठी वाचकाला हे शहर वाटते तेवढे परके नाही.

परंतु हे शहर वसवणाऱ्यांनी ते सर्वांसाठी वसवले नव्हते. उंचावरचा हवेशीर भाग गोऱ्यांचा, पार्कलँड्स व न्गारा यांसारखे भाग भारतीयांचे आणि पूर्वेकडील पुमवानीसारख्या वसाहती आफ्रिकनांच्या, अशी त्याची वाटणी होती. १९२० च्या सुमारास आफ्रिकन पुरुषांवर ‘किपांडे’ नावाच्या ओळखपत्राची सक्ती झाली. धातूच्या डबीत घातलेले ते पत्र गळ्यात अडकवूनच फिरावे लागे. साहेबाच्या घरी काम करणाऱ्याने पांढरा पायघोळ ‘कांझू’ घालावा, असा रिवाज होता. थोडक्यात, अंगावर काय घालायचे हे एकाने ठरवायचे, कोणत्या रस्त्याने जायचे हेही त्यानेच ठरवायचे, आणि ते दुसऱ्याने निमूटपणे पाळायचे. आपली मंडळीही या उतरंडीत मागे नव्हती. नैरोबीतील गोमंतकीय शिंप्यांना स्वतःची वेगळी संस्था काढावी लागली, कारण कचेरीत बसणाऱ्या गोमंतकीयांच्या क्लबांत सुईदोऱ्याच्या धंद्याला मान नव्हता. ज्याने कोट शिवायचा त्याने कोट घालून बसण्याच्या ठिकाणी जायचे नाही, असा हा न्याय होता.

१२ डिसेंबर १९६३ रोजी केनिया स्वतंत्र झाला. त्यानंतर एखादा सामान्य माणूस आपल्या आवडीचा पोशाख करून शहराच्या मध्यभागी निवांत फिरू लागला, त्यात केवळ हौस नव्हती. बापाच्या गळ्यात किपांडेची डबी होती, तिथे मुलाच्या गळ्यात स्वतः निवडलेली नेकटाय आली. हा फरक कापडाच्या मीटरांत मोजता येत नाही.

व्हेब्लेन की स्मिथ?

योगायोग असा की, ज्या १८९९ साली नैरोबीची पहिली राहुटी ठोकली गेली त्याच साली अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ थॉर्स्टीन व्हेब्लेन यांचा ‘निवांत वर्गा’वरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. श्रीमंत माणूस गरजेसाठी खर्च करीत नाही, तर आपल्याला खर्च परवडतो हे जगाला दिसावे म्हणून करतो, आणि खालचे वर्ग त्याचे अनुकरण करतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. ‘दिखाऊ उपभोग’ ही संज्ञा तेव्हापासून रूढ झाली. गरिबाच्या अंगावर चांगला कपडा दिसला की सुशिक्षित माणसाच्या मनात, त्याने व्हेब्लेन वाचलेला असो वा नसो, हाच सिद्धान्त डोकावतो.

परंतु त्याच्याही सव्वाशे वर्षांपूर्वी, १७७६ साली, अॅडम स्मिथने याहून खोल जाणारी गोष्ट सांगून ठेवली आहे. गरजेची वस्तू कोणती, याचा विचार करताना त्याने सुती-रेशमी नव्हे, तर साध्या तागाच्या सदऱ्याचे उदाहरण घेतले. प्राचीन ग्रीक आणि रोमन माणसे तागाचे कापड न वापरता सुखाने जगली. परंतु आपल्या काळात तसा सदरा नसेल तर रोजंदारीवरच्या प्रतिष्ठित मजुराला चारचौघांत जाण्याची लाज वाटेल, आणि म्हणून तो सदरा ही चैन नसून गरज आहे, असे स्मिथचे म्हणणे होते. अमर्त्य सेन यांनी दारिद्र्याची चर्चा करताना याच विचाराचा आधार घेतला. लाज न वाटता समाजात वावरता येणे ही मनुष्याची मूलभूत क्षमता आहे, आणि ती ज्याला नाही तो पोटभर जेवत असला तरी दरिद्रीच होय, हे त्यांचे सूत्र आहे.

नैरोबीचा रविवार समजून घेण्यास व्हेब्लेनपेक्षा स्मिथ अधिक उपयोगी पडतो. नोकरीच्या शोधात कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवणारा तरुण, शाळेतील शिक्षिका, दुकानातील विक्रेती या सर्वांची पत प्रथमदर्शनी त्यांच्या पोशाखावरून ठरते. आपल्याकडील पांढरपेशा वर्गाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. घरात दोनच सदरे असले तरी कचेरीत जाताना परीटघडी मोडलेली नसावी, यासाठी आपल्या वडीलधाऱ्यांनी काय काय केले हे आपण जाणतो. त्याला आपण टापटीप म्हणतो. तीच गोष्ट नैरोबीच्या मजुराने केली की तिला नटवेपणा म्हणावे, हे न्यायाला धरून नाही.

गासडीतील अर्थव्यवस्था

आता प्रश्न उरतो तो पैशाचा. तुटपुंज्या कमाईत हा पोशाख येतो कोठून? त्याचे उत्तर ‘मितुंबा’ या एका शब्दात आहे. मूळ अर्थ गाठोडे किंवा गासडी. रूढ अर्थ परदेशातून आलेले वापरलेले कपडे. युरोप, अमेरिका, कॅनडा, चीन अशा देशांत टाकून दिलेले वा दान केलेले कपडे वर्गवारी करून, दाबून, साधारणतः ४५ किलोच्या गासड्यांत बांधले जातात आणि मोंबासा बंदरात उतरतात. २०१९ साली केनियात असे सुमारे १,८५,००० टन कपडे आले. नैरोबीतील त्यांची सर्वांत मोठी पेठ म्हणजे गिकोंबा.

या पेठेची रीत पाहण्यासारखी आहे. गासडी विकत घेणाऱ्याला आत नेमके काय आहे हे ठाऊक नसते. ती फोडल्यावरच नफा की तोटा ते कळते. पहिल्या निवडीच्या मालाला तेथील बोलीत ‘कॅमेरा’ म्हणतात. तो उचलण्यासाठी पारखी गिऱ्हाईक आणि छोटे विक्रेते भल्या पहाटे हजर असतात. दिवस चढेल तसा माल उतरत जातो आणि भावही उतरतो. गासडी आणणारा व्यापारी, हातगाडी ओढणारा हमाल, ढिगातून निवड करणारी विक्रेती, उसवून मापात आणणारा शिंपी, कोळशाच्या इस्त्रीने घडी बसवणारा माणूस, आणि शेवटी तो कपडा हँगरला लावून वस्तीच्या तोंडाशी विकणारा फेरीवाला, अशी श्रमाची साखळी त्यात गुंतलेली आहे. परदेशात ज्याचे मूल्य शून्य झाले त्याला या हातांनी पुन्हा मूल्य आणून दिलेले असते.

यातून एक अनपेक्षित परिणाम घडला आहे. गिरणीतून निघणारा स्वस्त नवा माल सारखाच असतो. एकाच ठाणातले सदरे शंभर माणसांच्या अंगावर दिसतात. गासडीतील प्रत्येक नग मात्र एकटा असतो. तोच कोट दुसऱ्याला मिळत नाही. त्यामुळे ज्याच्याजवळ पैसा नाही पण नजर आहे, वेळ आहे आणि शिंप्याशी ओळख आहे, तो आपला पोशाख स्वतः घडवू शकतो. नैरोबीच्या तरुण-तरुणींच्या पोशाखात जी वैयक्तिक ढब दिसते तिचे मूळ येथे आहे. ही निवड फॅशनच्या मासिकावरून होत नाही. ढिगात हात घालून, कापड बोटांनी चाचपून, घासाघीस करून ती केलेली असते. एखाद्या गृहिणीने भाजीबाजारात दाखवावी तेवढीच चिकित्सा तीत असते.

गिरण्यांचा सवाल

या चित्राची दुसरी बाजू झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. स्वातंत्र्यानंतर केनियाने कापडगिरण्या उभारल्या होत्या. किसुमूची किकोमी, एल्डोरेटची रिवाटेक्स ही नावे तेथे सर्वतोमुखी होती. एल्डोरेटमध्येच ठाण्याच्या रेमंडच्या नावाचीही लोकरगिरणी होती. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून आणि विशेषतः १९९० च्या दशकात आयातीवरील निर्बंध सैल झाले, गासड्यांचा ओघ वाढला आणि गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याचा ग्राहक नाहीसा झाला. जुन्या कपड्यांनी देशी उद्योग गिळला, असा आरोप त्यामुळे होतो, आणि त्यात तथ्य आहे. गासडीतील जो माल कोणीच घेत नाही तो अखेर कचऱ्याच्या ढिगात आणि नदीत जातो, हेही खरे आहे. शिवाय दुसऱ्यांनी टाकलेले आपण का नेसावे, असा राष्ट्राच्या प्रतिष्ठेचा मुद्दा आहेच.

या मुद्द्यांवरूनच पूर्व आफ्रिकी समुदायातील देशांनी २०१६ साली ठरवले की, २०१९ पर्यंत जुन्या कपड्यांची आयात टप्प्याटप्प्याने बंद करायची. पुढे जे घडले ते जागतिक व्यापाराच्या विद्यार्थ्याने मुळातून अभ्यासावे. अमेरिकेतील जुन्या कपड्यांच्या व्यापाऱ्यांच्या संघटनेने २०१७ साली आपल्या सरकारकडे तक्रार केली. आफ्रिकी देशांना अमेरिकेत शुल्कमुक्त निर्यात करू देणारा जो कायदा २००० साली झाला होता, त्याच्या सवलती काढून घेण्याची भाषा सुरू झाली. केनियाने माघार घेतली. रुआंडाने घेतली नाही. जुन्या कपड्यांवरील शुल्क त्याने किलोमागे २० सेंटवरून अडीच डॉलरवर नेले होते, ते तसेच ठेवले. परिणामी २०१८ साली रुआंडाच्या तयार कपड्यांची शुल्कमुक्त सवलत अमेरिकेने स्थगित केली. आम्ही टाकलेले कपडे तुम्ही घेतलेच पाहिजेत, नाहीतर तुमचे नवे कपडे आम्ही घेणार नाही, असा याचा सरळ अर्थ होतो.

यातील विसंगती एवढ्यावर संपत नाही. नैरोबीजवळच्या अथी रिव्हर येथील निर्यात क्षेत्रात कामगार अमेरिकन दुकानांसाठी नव्या विजारी शिवतात, आणि सुट्टीच्या दिवशी गिकोंबात जाऊन अमेरिकेतून आलेल्या जुन्या विजारींतून आपल्यासाठी एखादी शोधतात. नव्या कपड्याची मजुरी करणाऱ्याला नवा कपडा परवडू नये, हा दोष जुन्या कपड्याचा नसून त्या मजुरीचा आहे.

भारतही या व्यवहारात केवळ प्रेक्षक नाही. आपल्या देशात वापरलेल्या कपड्यांच्या आयातीवर निर्बंध आहेत, आणि आपल्या वस्त्रोद्योगाच्या दृष्टीने ते योग्यच होत. परंतु कांडला येथील विशेष आर्थिक क्षेत्रात पाश्चात्त्य देशांतील जुने कपडे परवान्याने उतरतात, तेथे कामगार स्त्रिया त्यांची निवड करतात, आणि घालण्याजोगा बराच माल पुन्हा आफ्रिकेकडे रवाना होतो. दुसरीकडे, बंद पडलेली रिवाटेक्स गिरणी मोई विद्यापीठाने २००७ साली ताब्यात घेतली. तिचे आधुनिकीकरण भारताच्या कर्जसाहाय्याने झाले आणि २०१९ मध्ये ती नव्याने सुरू झाली. एका हाताने गिरणी उभी करायची आणि दुसऱ्या हाताने तिच्या गिऱ्हाइकाकडे गासडी पाठवायची, असे आपले धोरण आहे.

मग बंदी हाच उपाय समजावा काय? प्रस्तुत लेखकाचे उत्तर नकारार्थी आहे. २०२० साली साथीच्या कारणाने केनियाने ही आयात मार्च महिन्यात थांबवली होती. ऑगस्टमध्ये ती पुन्हा सुरू करावी लागली. जी साखळी वर वर्णिली तिच्यावर असंख्य कुटुंबांची चूल पेटते. बंदी घातल्याने गिरणी आपोआप उभी राहत नाही. तिला नियमित व स्वस्त वीज, चांगले बियाणे, कापूस उत्पादकाला वेळेवर मोबदला आणि स्वस्त भांडवल लागते. ही तयारी न करता गासडी अडवली तर तिची जागा देशी कापड घेणार नाही, तर परदेशातील निकृष्ट नवा माल घेईल. शुल्क हळूहळू वाढवावे, त्याचे उत्पन्न कापूस व गिरण्यांसाठी राखून ठेवावे, आणि निरुपयोगी मालाची विल्हेवाट लावण्याचा खर्च पाठवणाऱ्या देशावर टाकावा, हा मार्ग मंद असला तरी शहाणपणाचा आहे. तोपर्यंत मजुराच्या अंगावरचा कोट काढून घेण्याचा अधिकार कोणालाही नाही.

नटून जायचे कोठे?

परंतु कोट हा अर्धाच विषय झाला. स्मिथच्या मजुराला सदरा हवा होता तो चारचौघांत जाण्यासाठी. चारचौघे भेटतील अशी जागाच नसेल तर सदऱ्याचे प्रयोजन काय? एका खोलीत पाच-सहा माणसे राहणाऱ्या कुटुंबाची बैठकीची खोली म्हणजे सार्वजनिक बाग. नैरोबीत अशी प्रमुख जागा म्हणजे उहुरू पार्क. उहुरू म्हणजे स्वातंत्र्य. राष्ट्राध्यक्ष जोमो केन्याटा यांनी १९६९ च्या मे महिन्यात तिचे उद्घाटन केले. शहराच्या अगदी मध्यभागी सुमारे १३ हेक्टरांची हिरवळ, लहानसे तळे, त्यात वल्ह्याच्या होड्या आणि नटूनथटून आलेल्या कुटुंबांची छबी टिपणारे छायाचित्रकार, असा तिचा लौकिक झाला.

१९८९ साली याच बागेत साठ मजली इमारत बांधण्याचा घाट सत्तारूढ पक्षाच्या वृत्तपत्रसंस्थेने घातला. तिच्यासमोर राष्ट्राध्यक्ष डॅनियल अराप मोई यांचा भव्य पुतळाही उभा राहायचा होता. एका विदुषीने त्याविरुद्ध पत्रे लिहिली, न्यायालयात धाव घेतली. त्या वांगारी माथाई. न्यायालयाने दाद दिली नाही, संसदेत त्यांची टवाळी झाली, त्यांच्या हरितपट्टा चळवळीला सरकारी जागेतून बाहेर काढण्यात आले. स्त्रीने पुरुषांचा मान राखून गप्प बसावे, असा उपदेशही त्यांना झाला. परंतु परदेशी भांडवलदारांनी हात आखडला आणि १९९२ पर्यंत ती योजना बारगळली. त्याच वर्षी बागेच्या एका कोपऱ्यात राजबंद्यांच्या मातांनी उपोषण मांडले. पोलीस चालून आले तेव्हा त्यांतील वृद्ध मातांनी आपली वस्त्रे दूर केली. आईचे असे रूप मुलाने पाहणे हा तेथील परंपरेत घोर शाप मानला जातो. प्रतिष्ठेसाठी अंगावर घातलेले वस्त्र प्रतिष्ठेसाठीच उतरवण्याची वेळ त्या मातांवर आली. बागेचा तो कोपरा ‘फ्रीडम कॉर्नर’ म्हणून ओळखला जातो.

जीवनजी गार्डन्सची कथाही अशीच आहे. कराचीत जन्मलेले, रेल्वेच्या ठेकेदारीतून नावारूपाला आलेले अलिभाई मुल्ला जीवनजी यांनी १९०६ साली ही बाग जनतेला दिली. १९९१ साली तेथे बहुमजली संकुल बांधण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा त्यांच्या कुटुंबीयांनी आणि नागरिकांनी तो हाणून पाडला. पुढे याच बागेतील बाकांवर ‘जनसंसद’ भरू लागली. बेकार तरुण, निवृत्त शिक्षक, फेरीवाले तेथे उभे राहून राजकारणावर तावातावाने बोलतात. शहराच्या उत्तरेकडील सुमारे एक हजार हेक्टरांचे करुरा अरण्यही बिल्डरांच्या घशात जाता जाता वाचले. जानेवारी १९९९ मध्ये तेथे रोपे लावायला गेलेल्या माथाईंवर आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर हल्ला झाला. २००४ साली माथाईंना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. २०११ साली त्यांचे निधन झाले.

१९८३ साली सुरू झालेल्या सरित सेंटरपासून नैरोबीत खरेदी-संकुलांचे युगही आले आहे. तेथे सावली आहे, स्वच्छता आहे. परंतु तेथे माणूस गिऱ्हाईक म्हणून येतो. चहाच्या पेल्याचे पैसे देण्याची ऐपत नसेल तर किती वेळ रेंगाळावे, हे त्याचे त्यालाच उमगते. बागेतील बाकावर तो नागरिक म्हणून बसतो. या दोन बसण्यांत फरक आहे आणि तो राष्ट्रीय उत्पन्नाच्या आकड्यांत उलटा दिसतो. संकुलात झालेली उलाढाल उत्पन्नात धरली जाते. बागेत घालवलेली संध्याकाळ शून्य धरली जाते. जमिनीचा ‘अधिक उत्पादक’ वापर करण्याच्या नावाखाली बागा गिळल्या जातात, याचे मूळ या हिशेबात आहे.

मापदंड कोणाचा?

पोशाख आणि फिरण्याची जागा दोन्ही मिळाली तरी तिसरी गोष्ट उरते, ती म्हणजे निर्भयता. नोव्हेंबर २०१४ मध्ये नैरोबीतील एका मटाटूच्या, म्हणजे खासगी प्रवासी गाडीच्या, थांब्यावर पुरुषांच्या टोळक्याने एका स्त्रीचा पोशाख असभ्य ठरवून भर रस्त्यात तिची वस्त्रे ओढून काढली. त्याच महिन्याच्या १७ तारखेला शेकडो स्त्रिया उहुरू पार्कमध्ये जमल्या आणि ‘माझा पोशाख, माझी निवड’ अशी घोषणा देत त्या थांब्यापर्यंत चालत गेल्या. वर्षअखेर कायद्यात दुरुस्ती होऊन कोणाचीही वस्त्रे बळजबरीने उतरवणे हा किमान दहा वर्षांच्या कारावासाचा गुन्हा ठरला. मोर्चाला जमायला बाग होती, म्हणून मोर्चा निघाला, ही गोष्टही ध्यानात घ्यावी.

सभ्य पोशाखाचा मापदंड किती तकलादू असतो याचे उदाहरण केनियाच्या संसदेने स्वतःच घालून दिले. झांबियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष केनेथ कौंडा यांच्या नावाने ओळखला जाणारा, आपल्या सफारीसारखा, ‘कौंडा सूट’ सभागृहात चालणार नाही, असा दंडक नोव्हेंबर २०२३ मध्ये सभापतींनी जाहीर केला. देशाचे राष्ट्राध्यक्ष विल्यम रुटो त्याच सुमारास तोच पोशाख मोठ्या आवडीने वापरीत होते. वसाहतकाळातील कोट-नेकटाय सभ्य आणि आफ्रिकी नेत्याच्या नावाचा पोशाख असभ्य, हे तर्कशास्त्र सामान्य माणसाला उलगडणे कठीण आहे. थांब्यावरचा टोळभैरव आणि सभागृहातील सभापती यांना एका पंक्तीत बसवता येणार नाही. एक गुन्हा करतो, दुसरा नियम करतो. परंतु दुसऱ्याच्या अंगावरील कपड्यावर आपली मालकी आहे, हा समज मात्र दोघांच्याही ठायी दिसतो.

मुंबईकरांसाठी दोन शब्द

नैरोबीची ही कथा मराठी वाचकाने का वाचावी? जुन्या कपड्यांचे वावडे आपल्याला कधीच नव्हते. बोहारणीच्या टोपलीतील भांड्यावर जुनी पातळे आणि विजारी देताना आपण घासाघीस केलीच आहे. ते कपडे पुढे कोणाच्या अंगावर जातात याची चौकशी मात्र केली नाही. त्याहून महत्त्वाचा मुद्दा गिरण्यांचा आणि बागांचा आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरणगावाची वाताहत झाली. १९९१ च्या विकास नियमावलीत बंद गिरण्यांच्या विकास होणाऱ्या जमिनीचा एक तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी आणि एक तृतीयांश सार्वजनिक घरबांधणीसाठी राखण्याची तरतूद होती. २००१ साली ती बदलून केवळ आधीच रिकाम्या असलेल्या जमिनीपुरती उरली, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो बदल ग्राह्य धरला. गिरण्या गेल्या, त्यांच्या जागी बागाही आल्या नाहीत. आली ती खरेदी-संकुले आणि मनोरे.

नैरोबीने गिरण्या गमावल्या, पण बागा राखल्या. आपण दोन्ही गमावून बसलो. फरक पैशाचा नव्हता, कारण नैरोबीपेक्षा मुंबई कितीतरी श्रीमंत आहे. फरक असा की, तेथे काही माणसांनी बाग ही गरिबाची मालमत्ता मानली आणि तिच्यासाठी मार खाल्ला.

गिकोंबाची पेठ आजवर अनेकदा आगीत जळाली. २०१८ च्या जून महिन्यातील आगीत पंधरा माणसे मृत्युमुखी पडली. तरीही राखेवर पुन्हा फळ्या ठोकल्या गेल्या आणि गासड्या पुन्हा फुटल्या. तेथील विक्रेत्यांना जागेची कायम हमी, पाण्याचा बंब आत येईल एवढा रस्ता आणि शिंप्याला डोक्यावर छप्पर देणे, हे कोणत्याही आयातबंदीपेक्षा कमी खर्चाचे आणि अधिक फलदायी काम आहे. बागेत विनाशुल्क प्रवेश, दिवे आणि स्त्रियांसाठी सुरक्षित वाट हे त्याच कामाचे दुसरे अंग होय. दारिद्र्यनिर्मूलनाच्या योजनांत या बाबी सहसा दिसत नाहीत, कारण दरिद्री माणसाला रविवार असतो, हेच योजनाकाराच्या ध्यानी येत नाही. अन्न, वस्त्र, निवारा या यादीत स्मिथने अडीचशे वर्षांपूर्वी सुचवलेली भर अजून घालायची राहिली आहे: ते वस्त्र लेवून मान वर करून जाता येईल अशी एक जागा.